बांगड्या भरायचा गुरुवार

माणसाचं तोंड माझ्या उशिरा लक्षात राहतं, हात आधी. यात कौतुकाचं काही नाही. बांगड्या भरता भरता माझे केस पिकले, आणि बाजारात समोर बसणारीचा हातच तेवढा माझ्या मांडीवर असतो. तोंड ती शेजारणीकडे वळवून सासूच्या चुगल्या करत असते. धान रोवणारा हात, कापूस वेचणारा हात, तेंदूपत्त्याचे पुडे बांधून काळे डाग पडलेला हात, शाळेतल्या बाईंचा खडू लागलेला हात, सगळे मला कळतात. एखादी रुसून म्हणते, "चाची, वळखलं नाई काय मले?" मी म्हणते, "तोंड झाक अन् हात दे, मग सांगते कोन आहेस तं."

आम्ही चंद्रपूरचे. सासऱ्यांपासून घरात हाच धंदा. आमचे हे मोटारसायकलला पेट्या बांधतात, मध्ये मला बसवतात आणि दर रविवारी मोहर्लीच्या वाटेवरच्या एका मोठ्या गावी बाजाराला आणून सोडतात. दिवसभर टपरीवर चहा पितात, संध्याकाळी परत नेतात, आणि वर चारचौघांत सांगतात, धंदा मी करतो. असो. लिहिताना मी 'मला-तुला' लिहितेय, कारण शाळेतल्या बाईंची छडी अजून आठवते. बोलताना मले-तुलेच बोलते, आणि कोणी हसलं तर त्याला तिथेच ऐकवते.

जवळच्या एका लहान गावातली एक बाई माझी जुनी गिऱ्हाईक. तिचा लग्नाचा चुडा मीच भरलेला. नवरा मोहर्लीच्या गेटवर जिप्सी चालवतो, पर्यटकांना वाघ दाखवतो. घरी थोडं धान पिकतं. त्यांना एकच पोरगी, दहा वर्षांची, पाचवीतली. तोंडाची नुसती वाजंत्री. बाजारात आली की माझ्या पेट्यांचा ताबा घ्यायची. हिरव्या इकडे, लाखेच्या तिकडे. एखाद्या बाईनं जांभळ्या उचलल्या की तिच्या तोंडावर सांगायची, "तुमाले हा रंग नाई शोभत." त्या पोरीनं माझी किती गिऱ्हाइकं पळवली देव जाणे, पण मला ती फार आवडायची. मला मुलगी नाही. आहेत ते तिघं मुलगे, आणि त्यांना हिरवी बांगडी आणि निळी बांगडी यातला फरक आजवर कळलेला नाही.

त्या वर्षी पावसाळाभर मायलेकी बाजारात दिसल्याच नाहीत. कानावर आलं ते एवढंच की पावसाच्या सुरुवातीला बापाच्या मोटारसायकलला रानडुक्कर आडवं गेलं आणि त्याचा पाय मोडला. पावसाळ्यात सफारीची गेटं बंदच असतात, त्यामुळे तेवढ्या दिवसांत पाय सांधला, आणि गेटं उघडली तसा तो कामावर गेला. म्हटलं, चला, सुटले बिचारे.

धान कापणीला आलं तेव्हा एका रविवारी दोघी आल्या. आई समोर बसली, पोरगी चार हात लांब उभी. हात पाठीमागे.

"काय वं, रुसली काय चाचीवर? ये, पाह्य कसा पसारा झाला आहे पेटीत."

ती जागची हलली नाही. आई म्हणाली, "तिच्या हाताले काही झालं आहे चाची. चामडीचं."

"दाखव."

दोन्ही हात पुढे आले. पांढरेफटक, सुरकुतलेले, प्रत्येक पेरावर चिरा, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. आणि हे सगळं मनगटापर्यंतच. त्याच्या वर कातडी नितळ. आता चामडीचा रोग काही तिकीट काढून मनगटाच्या स्टॉपवर उतरत नाही. आणि वास येत होता तो कपड्याच्या साबणाचा.

मी आईला नाही, पोरीलाच विचारलं, "किती वेळा धुते वं दिवसात?"

"लागन तेवढ्या वेळा," ती हळूच म्हणाली. बस, आईचा बांध फुटला. भर बाजारात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली, आणि मग सगळं सांगितलं.

पोरगी सात वेळा हात धुते. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. पेन खाली पडला की धुते, दप्तराला कोणाचा पाय लागला की धुते. पोळ्याच्या सणापासून शाळा बंद. जेवताना आई लांबून चमच्यानं भरवते. बाप पहाटे गेटवर जायला निघाला की ही मोरीतून ओरडते, "थांबा बाबा, माझं झालं नाई," आणि तो बिचारा गाडीवर बसून राहतो. त्यात त्याचा गेटवरचा नंबर हुकला, मालकाची बोलणी खाल्ली. मलम झालं, पुजाऱ्याकडे नेऊन लिंबू उतरवून झालं. काही फरक नाही.

"अन् माझ्या अंगाले हातच लावत नाई चाची," आई म्हणाली. "बापाच्या गळ्यात पडते. मी जवळ गेली का पळते. चार महिने झाले, माझी पोरगी माझ्याजवळ निजली नाई. मी काय केलं तिचं?"

पोरगी हे सगळं ऐकत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं मान फिरवली. मला इतका राग आला, कोणावर ते कळेना. मलमवाल्यावर, पुजाऱ्यावर, त्या साबणावर.

बाजाराच्या त्याच गावात सरकारी दवाखाना आहे. गुरुवारी मी पुढच्या एका बाजाराला जाते, तेव्हा वाटेत तिथे उतरून बीपी दाखवते आणि गोळ्या घेते. चंद्रपूरच्या रांगेत कोण उभं राहील. दवाखान्याच्या व्हरांड्यात अगदी टोकाला एक खोली होती. वर 'मानसिक आरोग्य' अशी पाटी. एक तरुण डॉक्टरीण महिन्यातून दोन गुरुवारी तिथे बसायला यायची, आणि खरंच नुसती बसायचीच. कारण खोलीसमोर बाक, बाकासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे चहाची टपरी. गावातला प्रत्येक रिकामा माणूस त्या टपरीवर. त्या बाकावर जो बसला तो संध्याकाळपर्यंत गावभर पागल ठरला. कोण बसेल?

एकदा मी गोळ्यांची वाट बघत होते तर मॅडम स्वतःच बाहेर आल्या, माझ्या पेट्या पाहिल्या आणि समोर फतकल मारून बसल्या. पुण्याकडची पोरगी. हात नाजूक, पण बांगडी काही चढेना, कारण त्या अंगठा ताठ धरून बसल्या होत्या.

"अंगठा सैल सोडा मॅडम. भांडू नका माझ्याशी."

त्या हसल्या. "मी लोकांना दिवसभर हेच सांगणार होते. पण लोकच येत नाहीत. मुद्दाम लहान मुलांसाठी म्हणून येते मी, चाची. शाळेत जाऊन बोलले, तर हेडमास्तर म्हणाले, आमच्या शाळेत कोणी पागल नाही."

तर मी त्या रविवारी पोरीच्या आईला म्हटलं, ही अशी अशी मॅडम आहे, घेऊन जा. तिनं डोळे पुसले आणि साफ नाही म्हणाली.

"त्या बाकावर? नाई वं चाची. उद्या पोरीचं लगन करा लागन मले. लोकं म्हणतीन, ते पागलाच्या डॉक्टरकडं जात होती."

"दहा वर्षाची आहे ते! लगनाचं काय घेऊन बसली? आधी तिचे हात वाचव."

"तुमाले बोलाले सोपं आहे."

माझी जीभ वळवळली, ती आवरली. तिचं खोटं नव्हतं. मी पण त्या बाकावर बसले नसते. बीपीच्या गोळ्यासुद्धा मी शेजारणींना न सांगता खाते, मग हिला कोणत्या तोंडानं शिकवू? पेट्या आवरता आवरता मला एक सुचलं. गावातल्या बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि बांगड्या भरायला जाते म्हटलं की या मुलखात सासूसुद्धा अडवत नाही.

मी म्हटलं, "तू डॉक्टरकडं येऊ नोको. तू माझ्याकडं बांगड्या भराले ये. गुरुवारी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसते, त्या खोलीच्या दारातच."

घरी आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "दवाखान्यात कोन चुड्या भरते? अन् गुरुवारचा बाजार?" मी म्हटलं, तुम्ही चहा इथे प्या नाहीतर तिथे प्या, तुम्हाला काय फरक पडतो. दवाखान्यातल्या सिस्टरनं तर मला फैलावरच घेतलं. "आज बांगड्या आणल्या, उद्या भाजी घेऊन बसशील!" तिच्या दोन्ही हातांत मी लाल काचेच्या बांगड्या भरल्या, भरता भरता सगळी हकीकत सांगितली, पोरीचं नाव मात्र घेतलं नाही. मग ती स्वतः जाऊन मोठ्या डॉक्टरांशी बोलली आणि आतून माझ्यासाठी सतरंजी घेऊन आली.

पहिल्या गुरुवारी आई आणि पोरगी आल्या. आई माझ्यासमोर बसली, मी दोन बांगड्या भरल्या, आणि मग दोघी उठून माझ्या पाठीमागच्या दारातून आत गेल्या. टपरीवरून पाहणाऱ्याला काय दिसलं असेल? चुडीवालीभोवती बायका. बस्स.

मॅडमनी आईला जे सांगितलं ते आईनं बाहेर येऊन मला सांगितलं. पोरीचं डोकं बिघडलेलं नाही. प्रत्येकाच्या डोक्यात धोक्याची एक घंटा असते, हिची विनाकारण वाजते. ही हात धुते, घंटा थांबते, पण पुढच्या वेळी आणखी लवकर वाजते. म्हणून आता घंटा वाजू द्यायची आणि हात लगेच धुवायचे नाहीत. आधी पन्नास आकडे म्हणेपर्यंत थांबायचं, मग शंभर. आणि घरच्यांनी मध्ये मदत करायची नाही, 'झाले हो स्वच्छ' म्हणून समजूत काढायची नाही, मोटारसायकलवर थांबून राहायचं नाही.

म्हणजे बापालाही आणणं आलं. तो कशाचा येतो! "मी वाघासमोर गाडी उभी करतो, मले ते मॅडम काय शिकवन?" मी त्याला बाजारात गाठलं. म्हटलं, "वाघासमोर उभा राहतोस, मग एका बाईसमोर बसाले काऊन घाबरतोस?" बायका खो-खो हसल्या. पुढच्या गुरुवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून हजर. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, आणि कोणाकडे न बघता तो थेट आमच्या ह्यांच्या शेजारी चहाला जाऊन बसला. आमच्या ह्यांनीही काही विचारलं नाही, एक चहा वाढवायला सांगितला. त्या दिवशी मला आपल्या माणसाचं कौतुक वाटलं, तसं मी त्यांना सांगितलं नाही.

मग एक एक करत बाकीच्या यायला लागल्या. कोण कशासाठी आलं ते मी इथे लिहिणार नाही. बांगड्यांसाठी आल्या, असंच समजा. लेकरं घेऊन आल्या, मोठ्या पोरी घेऊन आल्या, एक आजी नातवाला घेऊन आली आणि नातवासाठी बांगड्या हव्यात म्हणाली, तेव्हा मी तिला कोपरखळी मारली. मॅडमना पाणी प्यायला सवड मिळेना. टपरीवरची माणसं म्हणू लागली, या गावच्या बायकांना बांगड्यांचं याडच लागलं आहे.

पोरगी सुधारत होती. दारात बसून मला गंभीरपणे रिपोर्ट द्यायची. "चाची, काल शेणाले हात लागला. दोनशे म्हटले." पेन पडला तरी उचलायला लागली. पेरांवरच्या चिरा भरत आल्या. थंडी संपता संपता शाळेत अर्धा दिवस बसायला लागली. पण आईजवळ गेली नाही ती नाहीच. आई पुढे सरकली की ही मागे. आई कधी चुकून लागली तर मग दोनशे नाही, हजार आकडे म्हटले तरी उपयोग नाही, मोरी गाठायची आणि रक्त येईपर्यंत घासायचं.

एका गुरुवारी आई आतून बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली. मी दुसऱ्या एका बाईच्या हातात बांगड्या चढवत होते. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "चाची, आज बोलली ते. मॅडमनं इचारलं, आईले हात लावला तं काय होईन? तं म्हणते, आईची चुडी वाढन अन् बाबा मरन."

बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही. वाढली म्हणतो. सवाष्णीची बांगडी म्हणजे नवऱ्याचं आयुष्य, फुटली हा शब्दच तोंडात घ्यायचा नाही. हे मला माझ्या गिऱ्हाइकांनीच शिकवलं.

"तिले हे कोनी सांगितलं असन वं?" आई म्हणाली. "मॅडमनं लय इचारलं. तोंडच उघडत नाई."

मला तो रविवार आठवला. पावसाच्या आधीचा. पोरगी भजी खात आली आणि तेलकट हातानं आईच्या हातातल्या बांगड्या कुरवाळायला लागली. मी आईच्या हातात आणखी बांगड्या भरत होते. आणि मी म्हटलं, "ए, खरकट्या हातानं मायच्या चुड्याले हात लावू नोको. चुडी वाढली तं तुह्या बापाले भारी पडन!" दर बाजारात पोरी पेटीत हात घालायला लागल्या की मी हेच म्हणते. सगळे हसले. आणि तेवढ्यात माझ्याच दाबानं आईच्या हातातली एक बांगडी गेली. मी दुसरी भरली आणि विसरून गेले. दोन दिवसांनी त्या डुकरानं बापाचा पाय मोडला.

मी विसरले. ती विसरली नाही.

आता खरं सांगते. मी त्या दिवशी गप्प बसले. पुढच्या गुरुवारीही गप्प बसले, आणि त्याच्या पुढच्याही. आई विचारत राहिली, कोणी सांगितलं असेल, आणि मी बांगड्यांवरची धूळ पुसत राहिले. मला भीती वाटली. गावात गोष्ट फिरायला किती वेळ लागतो? चुडीवालीचा बोल पोरीला लागला. मग कोणी म्हणेल करणी केली. मी बाहेरगावची, त्यात मुसलमान. इतक्या वर्षांत या लोकांनी मला कधी वेगळं धरलं नाही, पोळ्याला माझ्यासाठी पुरणपोळी बांधून आणतात, तरी भीती वाटली ती वाटलीच. घरी मी सगळ्यांवर खेकसायला लागले. आमचे हे म्हणाले, बीपी वाढलं वाटते. मी त्यांच्यापुढे ताट आपटलं.

शेवटी एका गुरुवारी पोरीचे हात पुन्हा रक्ताळलेले दिसले. पोरगी झोपेत असताना आई तिच्या अंगावर पांघरूण घालायला गेली होती, एवढंच झालं होतं. मी पेट्या तशाच टाकल्या, आत गेले, दार लावलं आणि मॅडमना सांगितलं. सांगताना मी उभीच होते, शाळेत उभं करतात तशी.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं.

"एका वाक्यानं आजार होत नाही चाची. तेच वाक्य तुम्ही किती मुलींना म्हणाला असाल, त्या भजी खात निघून गेल्या. हिची घंटा वाजणारच होती, कशाच्या तरी निमित्तानं."

"मग माझा दोष नाई?"

"तसंही मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. फाजील पोरगी ती पुण्याची. मग म्हणाल्या, "पण ते खोटं होतं हे तिला मी सांगून पटत नाहीये. मी महिनाभर सांगतेय. ज्यानं सांगितलं त्यानंच सांगायला हवं. आणि आईसमोर."

"आईसमोर कायले?"

कशाला ते मलाही ठाऊक होतं, आई इतके गुरुवार मलाच विचारत होती. मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या घातल्या आणि म्हटलं, बोलवा.

खोलीत आम्ही चौघी. मॅडम खुर्चीवर, आई भिंतीशी, पोरगी तिच्यापासून लांब, खिडकीजवळ. मी पोरीसमोर जमिनीवर बसले, कारण मला खुर्चीवर बसून बोलता येत नाही.

"पाह्य, त्या दिवशी बाजारात मी तुले म्हटलं होतं ना, मायची चुडी वाढली तं बापाले भारी पडन. ते खोटं होतं. साफ खोटं. तुमी पोरी पेट्यांत हात घालता म्हनून मी भेव दाखवते. चुडीचा अन् तुह्या बापाच्या पायाचा काही संबंध नाई. त्या दिवशी ते चुडी तुह्यानं नाई, माझ्या हातानं फुटली. रोजच्या दहा-वीस फुटते माझ्या हातानं. तेवढ्यांचे नवरे पडले असते तं या जिल्ह्यात एक माणूस उभा नसता राह्यला."

'फुटली' म्हणाले मी. चांगलं स्वच्छ, दोनदा. आईचा हात नकळत तोंडावर गेला. मी तिच्याकडे पाहायची हिंमत केली नाही.

पोरगी म्हणाली, "मले माहीत आहे तुमीच म्हटलं होतं."

"अवो, मग मॅडमले काऊन नाई सांगितलं? इतक्या वेळा इचारलं त्याईनं!"

ती खाली बघत म्हणाली, "मग तुमच्याजवळ कोनी चुड्या नसत्या भरल्या."

मी म्हातारी होत आलेली बाई दीड महिना तोंड शिवून बसले होते ते ह्याच्याचसाठी. आणि हे दहा वर्षांचं लेकरू माझ्याचसाठी त्याहून कितीतरी आधीपासून गप्प होतं. आपले हात सोलत होतं, आईपासून लांब निजत होतं, बापाला वाचवत होतं आणि वर मलाही. माझ्यानं राहवलं नाही. मी ढसाढसा रडायला लागले.

"रडू नोका ना चाची," पोरगी घाबरून म्हणाली. "मग मले वाटते, हे बी माझ्यानंच झालं." आणि तिचे हात एकमेकांवर घासायला लागले. कोरडेच.

मी रडणं तिथल्या तिथे गिळलं. मॅडम काहीतरी बोलणार होत्या, मी त्यांना हातानं थांबवलं.

"तुह्यानं नाई. माझ्यानं झालं. म्हण."

"काय म्हणू?"

"चाची, तुमच्यानं झालं. म्हण."

"तुमच्यानं झालं," ती पुटपुटली.

"जेवली नाई काय? मोठ्यानं."

"तुमच्यानं झालं."

"टपरीपर्यंत ऐकू गेलं पाह्यजे!"

"तुमच्यानं झालं!" ती ओरडली, आणि ओरडल्यावर तिचं तोंड एकदम लाल झालं. मग जे सुटलं ते काही मी शिकवलेलं नव्हतं. "तुमच्यानं! कायले म्हटलं तुमी तसं? माझी शाळा गेली तुमच्यानं! सगळ्या पोरी मले हासतात! माझे हात दुखतात! मले मायजवळ झोपाचं होतं! अन् बाबाचा पाय डुकरानं मोडला, मी नाई मोडला, डुकरानं मोडला!"

दार ढकलून सिस्टर आत डोकावली. "काय झालं वं? कोन ओरडून राह्यलं?"

"काही नाई," मी म्हटलं. "पोरगी मले रागावून राह्यली."

सिस्टर गेली. पोरगी पाय आपटत रडत होती, ओरडत होती, मुठी माझ्या गुडघ्यावर मारत होती. आई भिंतीपासून कधी उठली ते मला कळलं नाही. तिनं मागून येऊन लेकीला मिठी मारली, चांगली घट्ट, आणि तिच्या मुठी आपल्या बांगड्यांच्या हातांत धरल्या. आता ही मोरी गाठणार, असं मला वाटलं. पण पोरगी इतकी रागात होती की आपल्याला धरलं आहे, आणि कोणी धरलं आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती आईच्या कुशीत टेकून मला ओरडत राहिली.

तिचा आवाज जरा खाली यायला लागला. तेव्हा आईनं लेकीच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही मला काय बोलते. तिनं डोळ्यांनीच खुणावलं, थांबू नका चाची, तिला रागावू द्या.

मग मी म्हटलं, "अन् रंग शोभत नाई म्हनून माझे गिऱ्हाइक कोन पळवत होतं वं?" पोरगी पुन्हा उसळली, आणि मी आणखी बराच वेळ तिची बोलणी खात बसले.